‘दिठी’ लावायचा की ‘सोंगाड्या’?

भोंगवलीत सिनेमा दाखवायचं ठरलं ते मंडळाच्या पोरांमुळे. माउलींची पालखी नीरेला पोचायच्या आधीच्या शनिवारी, देवळाच्या सभामंडपात. प्रोजेक्टर मी पुण्याहून आणायचा आणि सिनेमाही मीच निवडायचा. मी ‘दिठी’ म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं आणि विचारायची सगळ्यांनाच लाज वाटली. घोडं अडलं ते तात्यांपाशी.

तात्या माझे थोरले चुलते. वाटणीला जमीन थोडी, म्हणून तरुणपणी आठ हंगाम त्यांनी फलटणकडच्या एका मालकाच्या टूरिंग टॉकीजवर मशिनवाला म्हणून काढले. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, पाऊस आला की तंबू गुंडाळून पेरणीला घरी. कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ आणून पडद्यावर उजेड कसा पाडायचा, हे ते अजून हातवारे करून दाखवतात. दिवसा जीपवर भोंगा बांधून खेळाची हाकाटी करायची तीही त्यांनीच. ‘गावाच्या नावातच भोंगा हाय, मी दुसरं काय करनार,’ हा त्यांचा पन्नास वर्षं जुना विनोद.

ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “कुनाचा हाय शिनेमा?”

“सुमित्रा भावेंचा.”

“हिरो कोन?”

“किशोर कदम. लोहार आहे, रामजी. जन्मभर वारी केलेला माणूस. त्याचा तरणाताठा मुलगा नदीत वाहून जातो, आणि…”

“म्हंजे रडायचा.” तात्यांनी बशी खाली ठेवली. “पोरी, माझं ऐक. ‘सोंगाड्या’ लाव. दादा कोंडके आपल्या तालुक्याचं मानूस. वाढलं मुंबईत नायगावला, पन घरानं इंगवलीचं. लोक पोट धरून हसतील, जाताना तुझं नाव काढतील.”

“तात्या, ‘सोंगाड्या’ १९७१ चा. गावातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.”

“पाठ हाय म्हनूनच बघतील. भजन काय नवीन असतं व्हय दर एकादशीला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी तालुक्याचाच पत्ता खेळले. “तालुक्याचंच माणूस हवं असेल, तर डॉ. मोहन आगाशेही भोरलाच जन्मले. १९४७ साली. ते आहेत ‘दिठी’त. बाईंच्या ‘अस्तु’ आणि ‘कासव’मध्येही होते.”

“घाशीरामातला नाना?”

“तोच.”

“मानूस चांगला हाय,” तात्या म्हणाले, “पन त्यानं बी शिनेमा चालत न्हाय.”

आता हा वाद सिनेमा कोणता लावायचा एवढाच राहणार नाही, हे मला कळून चुकलं. तात्यांना सुमित्रा भावे सांगायच्या, तर त्या पुरस्कारांच्या यादीतून सांगून भागणार नव्हतं. म्हणून मी सिनेमाच्या आधीपासून सुरुवात केली. जन्म पुण्यातला, १२ जानेवारी १९४३ चा. फर्ग्युसन कॉलेज, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, मग मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्याचं शिक्षण. काही काळ दिल्लीच्या आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत दहा वर्षं शिकवलं.

“थांब. दिल्लीवरनं मराठी बातम्या?” तात्या सावरून बसले. “त्या तर आमी रोज ऐकायचो. आपल्याकडं रेडिओ व्हता, अर्धी आळी वट्ट्यावर येऊन बसायची. म्हंजे ह्या बाईचा आवाज आमच्या कानावरनं गेला असनार.”

गेला असणारच. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. पुण्यामुंबईच्या फिल्म क्लबांना त्यांचं नाव कळलं त्याच्या कितीतरी आधी त्यांचा आवाज या ओसरीवर येऊन गेला असेल.

“मंग शिनेमात कशाला शिरली?”

“हीच तर गोष्ट आहे. सिनेमाची हौस म्हणून त्या आल्याच नाहीत. पुण्यातल्या झोपडपट्ट्यांत बायकांशी बोलायच्या, त्यांची आयुष्यं लिहून घ्यायच्या. संशोधनाचं काम होतं. आठ दलित बायकांनी आपापली कहाणी सांगितलेलं एक पुस्तक त्यातून झालं, १९८८ साली. गेल ऑम्व्हेट यांनी त्याचं इंग्रजी केलं.”

“बाया झोपडपट्टीतल्या आन् पुस्तक इंग्रजी?”

“तेच बाईंना खटकायचं. ज्यांच्याबद्दल अहवाल लिहायचा त्यांना तो वाचताच येत नाही. मग आपण जे शिकलो ते त्यांच्याकडे परत कसं न्यायचं? तर दाखवून. म्हणून कॅमेरा. ‘बाई’ हा पहिला लघुपट १९८५ चा. तेव्हा वय बेचाळीस, सिनेमाचं शिक्षण शून्य. झोपडपट्टीतल्या एका बाईचीच गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ‘पाणी’ केला, त्यालाही मिळाला. सोबत सुनील सुकथनकर, वयाने वीसेक वर्षांनी लहान. ते नंतर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर दिग्दर्शन शिकून आले. पुढची तीस-पस्तीस वर्षं दोघांनी मिळून डझनावर चित्रपट केले आणि लघुपट तर पन्नासच्या आसपास. पटकथा-संवाद बाईंचे, गाणी बहुतेकदा सुनीलची.”

तात्यांनी पानाचा डबा उघडला, मिटला. मशिनवाल्या माणसाला रीळ कुठे तुटलंय ते लगेच दिसतं.

“म्हंजे बघ. बाई म्हनली, वाचता न येनाऱ्यांसाठी मी शिनेमा करते. बरोबर? मंग त्यो वाचता न येनाऱ्यान्नी बघितला का? आपल्या गावात एकबी मानूस हाय का, ज्यानं तिचा शिनेमा थेटरात बघितला? पुस्तक इंग्रजीत व्हतं, शिनेमा पुन्यात ऱ्हायला. फरक काय पडला?”

सुमित्रा भावेंवर मी आजवर जे काही वाचलं आहे त्यात हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारलेला नाही. समांतर सिनेमावर बोलणारी आम्ही मंडळी ‘आशय’ आणि ‘संयत हाताळणी’ यांतच इतकी गुंततो की, तो बघितला कुणी, हे विचारणं अडाणीपणाचं वाटू लागतं.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली काकू आतूनच बोलली. “मी बघितला हाय की. वऱ्हाडाच्या गाडीला अपघात हुतो, नवरदेव जातो, त्यो. टीव्हीवर लागला व्हता. पंचायतीत टीव्ही व्हता तवा.”

‘दोघी’. १९९५ चा. भावे-सुकथनकरांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. रेणुका दफ्तरदार थोरली गौरी, सोनाली कुलकर्णी धाकटी कृष्णा, आणि आईच्या कामात उत्तरा बावकर. लग्नाच्या दिवशीच नवरदेव मरतो, पोर पांढऱ्या पायाची ठरते, बापाला अर्धांग होतो. घर खायला महाग होतं आणि गौरीला मुंबईला धाडलं जातं. तिथे ती कोणत्या धंद्याला लागणार हे कुणी बोलत नाही. पण तिच्याच पैशावर घरात धान्य येतं. त्यातल्या ना. धों. महानोरांच्या गाण्यासाठी अंजली मराठेला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत आनंद मोडकांचं.

“त्या रातीला आमी बाया जेवलो न्हाय,” काकू म्हणाली. मग जरा थांबून, “पन त्यात आई वाईट न्हाय दावली. पोरीला धाडनारी बाई म्हनल्यावर दुसऱ्या कुनी तिला डाकीन केली असती. ही तसली नव्हती. तिलाबी वाट नव्हती दुसरी.”

मी तात्यांकडे पाहिलं. एवढं नेमकं परीक्षण मला लिहिता आलं नसतं. सुमित्राबाईंच्या सिनेमात खलनायक जवळजवळ सापडत नाही. झोपडपट्टीत बायकांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला खलनायक रंगवणं जडच जात असणार. कारण प्रत्येक घरातल्या ‘वाईट’ माणसाचीही एक बाजू त्यांनी लिहून घेतलेली असते. ‘वास्तुपुरुष’मध्ये तेच आहे. कूळकायद्यात जमीन गेलेल्या देशपांड्यांचा वाडा, गुप्तधनाच्या आशेवर जगणारे पुरुष, आणि मुलाला डॉक्टर करायचंच म्हणून हट्टाला पेटलेली आई. पुन्हा उत्तरा बावकरच. भोरसारख्या जुन्या संस्थानी गावात वाढलेल्या माणसाला असे वाडे सांगावे लागत नाहीत. सरंजामी घराची इथे थट्टा नाही आणि त्याच्या नावाने गळा काढणंही नाही.

“‘दोघी’ टीव्हीनं पोचवला,” तात्या हार मानणाऱ्यातले नव्हेत, “बाईनं न्हाय. दादांचं बघ. ‘सोंगाड्या’ला दादरला थेटर मिळेना. कोहिनूरच्या मालकानं देव आनंदचा शिनेमा लावला. दादा गप बसलं का? थेट बाळासाहेबांकडं गेलं. शिवसैनिक उभं ऱ्हायलं, थेटर मिळालं, आन् मंग लागलेला शिनेमा हलंना. पुढं ओळीनं नऊ शिनेमे शिल्व्हर जुबली, गिनीज बुकात नाव. शिनेमा काढनं निम्मं काम. लावनं ऱ्हायलेलं निम्मं. तुमच्या बाईनं निम्मंच काम केलं.”

“त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार होतं, तात्या? ‘अस्तु’ २०१३ ला तयार झाला. अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा आणि बाईंना संवादाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि थेटरात लागायला २०१६ उजाडलं. तेही लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून. भोरचे आगाशेच त्यासाठी पदर पसरून फिरले.”

“काय हाय त्यात?”

“संस्कृतचा मोठा पंडित. म्हातारपणी विसरायला लागतो. एक दिवस रस्त्यावर हत्ती दिसतो आणि हा लहान पोरासारखा त्याच्या मागे निघून जातो. माहुताच्या बायकोला त्याची भाषा कळत नाही, ती कानडी बोलते. पण ती त्याला आपल्या लेकरासारखा सांभाळते. शिकल्यासवरल्या पोरीला बापाचं काय करायचं ते उमगत नाही, तिला उमगतं.”

तात्या थोडा वेळ गप्प. “हत्तीमागं जायचं म्हंजे… मानूस जाईल की. मलाबी जावंसं वाटंल.” मग लगेच, “तरी तीन वर्सं डब्यात म्हंजे कायतरी चुकलंच.”

चुकलंच. हे मान्य करायला मला जड गेलं, पण खोटं कसं बोलणार? ‘कासव’ला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. एवढ्याच मराठी चित्रपटांना ते मिळालेलं आहे. म्हणजे देशातला त्या वर्षीचा पहिल्या नंबरचा सिनेमा. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पहिल्याच आठवड्यात मी तो बघायला गेले. खेळ सकाळचा, प्रेक्षक अकरा. बारावा वाटला तो झाडूवाला होता, पण तो मध्यंतरानंतर खुर्चीत बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. हे मी तात्यांना सांगितलं.

“बघ!” तात्या उसळले. मला वाटलं, अकरावर हसणार. “बघ, त्यो झाडूवाला बसला का न्हाय? म्हंजे शिनेमा बसवतो. मानूस आत आनायचं कुनी, हाच सवाल हाय. आमच्या तंबूला पडद्याच्या मागनं बी मानसं बसायची. तिकडनं तिकीट स्वस्त. दादांचा उजवा हात डावा दिसायचा, पाट्या उलट्या. तरी मागली बाजू भरलेली.”

“तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय, तात्या?”

“तंबूच्या.”

काकू भाकरी थापायची थांबून हसली. मी वही काढली. या वाक्यावर लेख संपवायचा मोह मला झाला होता, पण तात्यांचा पुढचा मुद्दा तयार होता आणि तो जास्त अडचणीचा होता.

“मला सांग, तुमच्या बाईचा प्रत्येक शिनेमा कसल्या ना कसल्या रोगावर का? आत्ताच तू म्हनलीस, विसरन्याचा रोग. कासवात काय हाय?”

“नैराश्य. जीव द्यायला निघालेला मुलगा.”

“आन्?”

“‘देवराई’त स्किझोफ्रेनिया. ‘नितळ’मध्ये अंगावरचे पांढरे डाग, कोड.”

“म्हंजे ह्यो दवाखाना झाला. लोक तंबूत येत्यात त्ये घरचं दुखनं इसरायला.”

या आक्षेपात थोडं तथ्य आहे, हे मी लपवणार नाही. ‘नितळ’मध्ये काही ठिकाणी पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून आपल्याशी बोलू लागतात, माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या काळातला ‘हा भारत माझा’ आज बघताना तर त्यातली भाबडी आशाच अधिक डोळ्यांत भरते. समाजकार्य शिकवलेल्या माणसाची ही खोड आहे. गोष्ट पुरेशी बोलकी असतानाही आपण दोन शब्द सांगावेत असं वाटत राहतं. शिवाय पैशाचाही संबंध असतो. ‘देवराई’मागे कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी उभे राहिले. मूळचे आपल्या धुळ्याचे, स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी पुण्यात काम उभं करणारे. ‘नितळ’मागे कोड असलेल्यांसाठी काम करणारी ‘श्वेता’ ही संस्था होती. धंदेवाईक निर्माता दारात उभा करत नव्हता, तेव्हा ज्यांचं दुखणं होतं तीच माणसं सिनेमाला पैसे देत होती. मग दुखणं पडद्यावर येणारच.

पण ‘देवराई’ पाहिलेल्या माणसाला तो रोगावरचा सिनेमा म्हणून आठवत नाही. हे तात्यांना कसं सांगावं? मी म्हणाले, “तात्या, वेल्ह्याकडे, भोरच्या पश्चिमेला डोंगरात देवराया आहेत ना?”

“हायेत की. देवाचं रान. तिथली वाळकी काटकी बी चुलीला आनायची न्हाय.”

“आणि कुणी आणली तर?”

“कोप हुतो म्हंत्यात. मी काय बघितला न्हाय, पन आनली बी न्हाय.”

“‘देवराई’तला शेष, अतुल कुलकर्णी, गावच्या देवराईचं काय होणार या विचाराने झुरतो. हळूहळू ते रान त्याच्या डोक्यातच उगवतं. भास होतात, आवाज ऐकू येतात. बाकीच्यांच्या लेखी वेडा. पण त्याची बहीण, सोनाली कुलकर्णी, त्याला शहरात आपल्या घरी आणते. नवरा, मूल, संसार, आणि मधल्या खोलीत हा भाऊ. खरी गोष्ट तिची आहे. वेडं माणूस सांभाळणाऱ्याचं काय होतं, ते. आणि सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणाचा. मेंदूतलं रान आणि डोंगरातलं रान बाईंनी असं एकमेकांत मिसळलं की सरकारलाही त्याला कोणत्या खणात ठेवावं ते नीट समजलं नाही.”

तात्या हसले नाहीत. त्यांच्या मावसभावाला बांधून ठेवत असत. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. काकूने तव्यावरची भाकरी उलटली. मीही पुढे काही बोलले नाही.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, “हसायला काय असतंय का बाईच्या शिनेमात?”

“‘एक कप च्या’. कोकणातला एसटीचा कंडक्टर, किशोर कदमच. वीजबिल येतं अव्वाच्या सव्वा. ऑफिसात खेपा घालतो. ‘चहापाणी’ द्यायचं नाही म्हणतो. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो.”

“ह्ये बरं हाय. ह्ये लाव की! आपल्याकडं निम्म्या गावाचं बिल तसंच येतंय.”

“म्हणजे ‘सोंगाड्या’ नको?”

“मी तसं कुटं म्हनलो?”

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप ओसरीवरच्या पाटावर ठेवला आणि ‘दिठी’ सुरू केला. नमुना म्हणून दहा मिनिटं, असं ठरलं होतं. तात्या चष्मा पुसून बसले. काकू उंबऱ्यात.

दि. बा. मोकाशींची कथा. ‘पालखी’ लिहिणारे मोकाशी. आळंदीहून पंढरपूरपर्यंत स्वतः चालून त्यांनी ते पुस्तक लिहिलं होतं. सुमित्राबाईंच्या मनात ही कथा कितीतरी वर्षं होती. पडद्यावर नुसता पाऊस. ओलं गाव, कौलं, चिखल, पोथीसाठी एकत्र जमणारे म्हातारे. कुणी मोठ्याने बोलत नाही.

“आवाज वाढव.”

“आवाज एवढाच आहे, तात्या.”

“दहा मिन्टं झाली, पाऊसच पडतोय. तंबूत असतो तर पब्लिकनं शिट्ट्या मारून मशिन बंद पाडलं असतं.”

मी बंद करायला हात पुढे केला. “राहू दे,” तात्या म्हणाले.

रामजी भिंतीला टेकून बसलेला. मुलगा गेलेला, पांडुरंगावर राग धरलेला. घरात सून बाळंत झालेली, पण मुलगी झाली म्हणून त्याने तोंड फिरवलेलं. इतकी वर्षं टाळ कुटून मिळालं काय, एवढाच त्याचा प्रश्न. किशोर कदम तो प्रश्न शब्दांत फार मांडत नाहीत; खांदे पाडून बसतात. आणि मग शेजारची गाय अडते. भर पावसात. अडलेली गाय सोडवण्यात गावात रामजीचा हात धरणारं कुणी नाही. त्याला बोलावणं येतं.

इथे तात्या पुढे सरकले. इतके पुढे की स्क्रीनचा उजेड त्यांच्या चष्म्यावर दिसायला लागला. काकू उंबऱ्यातून उठून त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. दोघांनी आयुष्यात किती गाई सोडवल्या असतील, मी मोजू शकत नाही. मधेच काकू पुटपुटली, “पाय मागं हायेत, पाय मागं हायेत.” ती सिनेमाशी बोलत होती की गाईशी, कळलं नाही.

संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. नीरेच्या अंगाने वारं आलं. तात्यांनी एकच विचारलं, “हात कुठवर घालायचा, ह्ये त्या कदमाला कुनी शिकवलं?”

“माहीत नाही.”

“बाई असती तर इचारलं असतं.”

बाई नव्हत्या. १९ एप्रिल २०२१ ला सुमित्रा भावे पुण्यात फुप्फुसाच्या आजाराने गेल्या. करोनाचे दिवस, थेटरांना कुलपं. २१ मे ला ‘दिठी’ सोनी लिव्हवर आला. त्यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला आणि शेवटचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कॅमेरा हाती घेतलेल्या बाईंचा हा चित्रपट बघायला आधी मोबाइलवर वर्गणी भरावी लागते, हे मी तात्यांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटतं, दुपारचा त्यांचा प्रश्न खरा होता आणि तो अजून तसाच शिल्लक आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त आता तो बाईंना विचारायचा प्रश्न राहिला नव्हता. तंबूवाल्यांना विचारायचा होता, आणि ओसरीवर तंबूवाले दोनच होतो.

सकाळी मी निघाले तेव्हा तात्या अंगणात वेळूची काठी तासत होते.

“ती चादरबिदर बांधू नको,” मान वर न करता ते म्हणाले. “वारा सुटला का चादर फुगती, मानसाचं तोंड वाकडं दिसतं. मांजरपाट आन शिरवळवरनं. पंधरा फूट. चारी बाजूंनी काळी पट्टी लावायची, म्हंजे उजेड सांडत न्हाय. खाली ह्यो वेळू घालू, ताठ ऱ्हाईल. आन् आवाज वाढवायचा न्हाय म्हनलीस ना, मंग लोकान्ला आधीच सांगायचं, गप बसा म्हनून. मी सांगतो भोंग्यावर.”

“आणि ‘सोंगाड्या’?”

“त्यो जत्रंला.”

मांजरपाट आणला आहे. काळी पट्टी काकू शिवते आहे. ‘दिठी’चा जाहीर खेळ करायला परवानगी लागते, तसं पत्र निर्मात्यांना पाठवलं आहे, उत्तर अजून यायचं आहे.